नलिनीबालेचे वकील मार्तंडराव

मुलुंडात मी तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ पाहिली, पण दुधात पाणी असल्याची तक्रार गवळ्याला टाइप करून देणारा माणूस एकच, मार्तंड दोंदे. एक प्रत गवळ्याला, एक स्वतःच्या फायलीला, आणि कार्बन घातलेलाच होता म्हणून तिसरी मला. गवळ्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागदाची घडी करून ती पागोट्यात जपून ठेवली आणि पाणी घालणं चालू ठेवलं.

फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मार्तंड एकोणीस वर्षं टाइपिस्ट होता. दावे, कैफियती, अपिलं, भावाभावांच्या वाटण्या. हजारो लोकांची भांडणं त्याच्या बोटांतून गेली. पण तो स्वतः तोंड उघडून कुणाशी भांडला, असं ऐकिवात नव्हतं. कचेरीत साहेब बोलायचा, हा टाइप करायचा. घरी विमलावहिनी बोलायच्या, तिथे टाइपही करावं लागत नसे.

तर अशा या माणसाचं एका नटीवर प्रेम बसलं. दचकू नका. बाईला त्याने समोरून कधी पाहिलं नव्हतं, आणि सिनेमा तो वर्षाकाठी एक, तोही देवादिकांचा बघायचा. त्याचं प्रेम बसलं ते तिच्या आवाजावर. पंचाईत अशी की नलिनीबाला या नटीकडे बाकी सगळं होतं, आवाज तेवढा नव्हता, असं सगळ्या जगाचं म्हणणं.

गोष्ट चोपन्न सालची. पडद्यावर जिच्यासाठी आजवर दुसऱ्याच बायका गायल्या, तिने एकाएकी स्वतःच्या गळ्याने बारा भावगीतं गायली. सहा तबकड्या, आणि त्या ठेवायला फोटोंच्या आल्बमसारखं जाड पुठ्ठ्याचं बाड, वर हनुवटीला बोट लावलेली नलिनीबाला. कंपनीने त्याला आल्बमच म्हटलं. साप्ताहिकांनी काय काय म्हटलं ते विचारू नका. ‘श्रुतिधर’ या नावाने लिहिणाऱ्या एका टीकाकाराने लिहिलं, ‘ध्वनिमुद्रणाला येताना बाईंनी शालू आणला, अत्तर आणले, गळा तेवढा घरी राहिला.’ दुसऱ्या एकाने लिहिलं की बाई दोन ओळींमध्ये श्वास घेतात तेवढ्यात आमच्याकडे चहा होतो. मुलुंडात ज्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता त्यांनाही ही वाक्यं तोंडपाठ. मीही ती चार घरी जाऊन म्हणून दाखवली. वाक्यं झकास होती, आणि मी तरी काय करणार, चांगलं वाक्य पोटात ठेवून मला झोप येत नाही.

एके दिवशी मार्तंड फोर्टातून येताना तो आल्बम काखोटीला मारून घेऊन आला. मी ओट्यावरच होतो.

“मार्तंडा, यात तुला काय सापडलं रे?”

त्याने आल्बम दुसऱ्या काखेत घेतला. “नाना, बाकीचे गाणारे मला गाऊन दाखवतात. ही दाखवत नाही. ही आपली गाते. आपण ऐकतोय हे तिच्या गावीही नाही.”

“श्वास फार घेते म्हणतात.”

“घेईल. माणूस आहे.”

एवढं लांबलचक भाषण त्याच्या तोंडून मी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने श्रुतिधरांच्या लेखाला अकरा परिच्छेदांचं उत्तर टाइप करून साप्ताहिकाकडे धाडलं. ‘परिच्छेद ३ मधील विधान अमान्य असून ते शाबीत करण्याची जबाबदारी लेखकावर आहे,’ अशी त्याची भाषा. साप्ताहिकाने ते काही छापलं नाही. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी आल्या, ‘मुलुंडहून एका वाचकाने आमच्यावर कैफियत दाखल केली आहे. आम्ही घाबरलो आहोत.’ मार्तंडाने ते कात्रण फायलीला लावलं. रागावला असेल, पण त्याच्या चेहऱ्यावर राग आणि अपचन यांत फरक करणं अवघड होतं.

इथवर सगळी मजाच होती. मग शुभाचं प्रकरण झालं.

शुभा ही त्याची एकुलती मुलगी, पंधरा वर्षांची. गाणं शिकायची अण्णा खांबेट्यांकडे. अण्णा मूळचे मिरजेचे, गळा जाड, शिस्त त्याहून जाड. मुलींना गाणं शिकवणारा अख्ख्या मुलुंडात त्यांचा एकच क्लास. दुसरा हवा तर दादरला जावं लागे, आणि विमलावहिनी पोरीला एकटीला भांडुपपर्यंतसुद्धा सोडायच्या नाहीत. शुभा दोन परीक्षा पास झाली होती. तिसरी दिवाळीनंतर होती आणि फॉर्मवर गुरूंची सही लागायची. एका संध्याकाळी अण्णा यायच्या आधी पोरी तंबोरे जुळवत बसल्या होत्या, आणि शुभा नलिनीबालेचं पहिलंच गाणं गुणगुणत होती. अण्णा जिन्यात थांबून ऐकत होते. आत आले, तिच्या हातातला तंबोरा घेतला, भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

मार्तंड दोनदा त्यांच्या घरी गेला. दोन्ही वेळा पाणी मिळालं, उत्तर मिळालं नाही. मग तो माझ्याकडे आला, कारण मी गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस आणि अण्णा माझे पत्त्यांचे भिडू.

आता खरं सांगून टाकतो. त्या वर्षी उत्सवात कार्यक्रमांची वानवा होती. अभिरूप न्यायालय करावं असं माझ्या डोक्यात घोळत होतं. म्हणजे खोटा खटला, खरा जज्ज, आणि हसायला मोकळा गाव. दरसाल आम्ही हुंड्यावर नाहीतर चहावर खटला भरायचो. त्या वर्षी आरोपी समोर चालून आला होता. अण्णांना मी म्हटलं, “तुम्ही फिर्यादी व्हा. नलिनीबालेवर आरोप ठेवा, गळा नसताना गायली आणि मुलींचे गळे बिघडवले. बचावाला दोंदे उभे राहतील.”

“दोंदे?” अण्णा पान थुंकायचं विसरले. “तो बोलतो?”

“बोलेल. ज्यूरीने बाईला निर्दोष सोडलं तर पोरीला परत घ्याल?”

अण्णांनी मला नीट पाहून घेतलं. “घेतो. आणि दोषी ठरवलं तर दोंद्यांनी पुन्हा माझा जिना चढायचा नाही.”

मार्तंडाला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला, पण नाही म्हणाला नाही. दुसरा रस्ता कुठे होता त्याला? एका गोष्टीबद्दल मात्र मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. मला वाटलं, एकोणीस वर्षं ज्याने वकिलांचं बोलणं टाइप केलं, त्याच्या पोटात काहीतरी उरलंच असेल.

खटला रविवारी दुपारी चारला, शाळेच्या हॉलमध्ये. शनिवारी मार्तंड माझ्या ओट्यावर आला. चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान.

“झालं, नाना. सतरा परिच्छेद. काल अण्णांना प्रत पोचती केली.”

“कसली प्रत?”

“बचावाची.”

“अरे, सगळा बचाव लिहून समोरच्या पार्टीला दिलास?”

“द्यावीच लागते. समोरच्याला प्रत पोचल्याशिवाय कोर्ट एक अक्षर ऐकून घेत नाही.”

“मार्तंडा, हे खोटं कोर्ट आहे रे.”

“कोर्ट खोटं असेल,” तो म्हणाला, “फॉर्मवरची सही खरी आहे ना?”

वाट लागली हे मला तिथेच कळलं होतं. खरं तर मी अण्णांकडे जाऊन ती प्रत मागायला हवी होती. गेलो नाही. उद्या काय मजा येते ते बघू, असा एक किडा माझ्या डोक्यात वळवळत होता, हेही सांगून टाकतो.

रविवारी हॉल भरून बायका खिडक्यांपाशी उभ्या. जज्जच्या खुर्चीवर विद्याधरपंत सबनीस, निवृत्त सबजज्ज. काळा कोट त्यांनी पेटीतून काढला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या तीन रांगांना पुरला. ज्यूरीत गावातले पाच जण. आरोपीच्या पिंजऱ्यात एक खुर्ची, तिच्यावर हार घातलेला आल्बम. शेजारी ग्रामोफोन, आणि चोपदार म्हणून आमचा दत्ताराम, गिरणीत साचा चालवणारा मालवणी गडी, मुंडासं बांधून. त्याने आरोळी दिली, “आरोपी नलिनीबाला हाजीर आसा हो,” आणि हॉल हसायला लागला तो थांबेना.

अण्णा उठले. त्यांच्या हातात मार्तंडाचे ते टाइप केलेले कागद.

“माझे विद्वान मित्र आता म्हणतील,” त्यांनी अगदी मार्तंडाच्या बारीक आवाजात सुरुवात केली, “परिच्छेद एक. बाई नटी आहे, गायिका नाही, म्हणून तिला गायिकेची फूटपट्टी लावू नये. उत्तम. मग तिने गायिकेची तबकडी का काढली? परिच्छेद दोन. सामान्य माणसाला तिचं गाणं आवडतं. सामान्य माणसाला कांदाभजीही आवडतात, म्हणून आम्ही त्यांना गाणं म्हणत नाही.”

परिच्छेद तीन, चार, पाच. एकेक कागद उलटत होते आणि प्रत्येक उत्तरावर हॉल टाळ्या देत होता. आधी उत्तर, मग प्रश्न, असा खटला मी पहिल्यांदाच बघितला. मार्तंडाची पाळी आली तेव्हा त्याने कागद समोर धरले, पहिल्यावर नजर टाकली, खाली ठेवला. दुसरा उचलला, ठेवला.

“ते… ते झालं,” तो म्हणाला.

“पुढचं सांगा,” विद्याधरपंत म्हणाले.

“पुढचंही झालं, महाराज. चौथ्याचा थोडा भाग राहिलाय.” चौथ्याचा थोडा भाग त्याने वाचला. नलिनीबाला मुद्दाम गोड व्हायला जात नाही, असा काहीसा तो होता. बोलताना त्याचा आवाज मागच्या रांगांना पोचेना, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “जरा आरोपीपेक्षा तरी मोठ्याने बोला.” हशा झाला. मीही हसलो. इतरांहून थोडा जास्तच.

पुराव्यादाखल पहिली तबकडी लावायला सांगितली. गाणं संपल्यावर दत्ताराम चावी देता देता म्हणाला, “माका तर ह्या गाणा बरा वाटता, सायबानूं.”

“चोपदाराने मत देऊ नये,” विद्याधरपंत म्हणाले. त्या दिवशी मार्तंडाच्या बाजूने निघालेला तेवढा एकच उद्गार, तोही नोंदला गेला नाही.

मग अण्णांनी शेवटचा डाव टाकला. “परिच्छेद अकरा. ‘आरोपीच्या गीतामुळे विद्यार्थिनीचा गळा बिघडतो हे अमान्य. बचाव पक्षाच्या वकिलांची कन्या कुमारी शुभा हिने सदर गीत घरी दोन महिने म्हटले असून तिच्या गळ्यास काहीही झालेले नाही.’ माझी साक्षीदार, कुमारी शुभा दोंदे.”

मार्तंड ताडकन उठला. “हरकत आहे. साक्षीदारांच्या यादीत नाव नाही.”

“तुमच्याच अकराव्या परिच्छेदात आहे, दोंदे,” विद्याधरपंत म्हणाले. “हरकत नामंजूर.”

शुभा बायकांतून वाट काढत पुढे आली. ग्रामोफोनच्या झाकणावर हात ठेवून शपथ घ्यायची होती, ती तिने अगदी देवासमोर घ्यावी तशी घेतली. अण्णा म्हणाले, “आत्ता ऐकलंस ते म्हण.”

मार्तंडाच्या तोंडाकडे मी बघत होतो. पोर वाईट गायली, तर नलिनीबालेने तिचा गळा बिघडवला हे शाबीत. चांगली गायली, तर त्याच गाण्यात नलिनीबाला कुठे कमी पडली ते सगळ्यांना ऐकू येणार. बापाने कुठल्या देवाला काय मागायचं? तो कागदांच्या कडा जुळवत बसला.

शुभा गायली. साधंच गायली. पण हॉलमधलं खोकणंसुद्धा थांबलं.

“धृपदाच्या शेवटी नलिनीबाला थांबते, तिथेच थांबलीस का?” अण्णांचा आवाज आता क्लासातला होता.

“नाही. जरा वर.”

“का?”

“ती थोडी खाली थांबते.”

“खाली म्हणजे कुठे?”

“सुराच्या खाली, अण्णा.”

“मग तू वर का नेलंस?”

“खाली राहवेना.”

टाळ्या इतक्या झाल्या की दत्तारामाने घंटा वाजवून त्या थांबवल्या. विद्याधरपंतांनी विचारलं, “उलटतपासणी?”

दुसरा कुणी असता तर हात जोडून बसला असता. पण ज्या साक्षीला आव्हान दिलं नाही ती मान्य केली असं धरतात, हे मार्तंडाने निदान शंभर वेळा टाइप केलं असणार. तो उठला.

“कुमारी शुभा,” तो स्वतःच्या मुलीला म्हणाला, “हे गीत आपण घरी किती वेळा म्हटलं?”

“पुष्कळदा.”

“कुणी सक्ती केली?”

“नाही.”

“मग आवडल्याशिवाय कुणी एखादं गीत इतक्यांदा म्हणेल काय?”

प्रश्न चांगला होता. कागदावर कुठेच नव्हता, म्हणून अण्णांकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. ते पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. मार्तंडालाही ते कळलं. त्याची मान जराशी वर झाली. शुभा मात्र बोलेना.

“बाळ, शपथेवर आहेस,” विद्याधरपंत हळूच म्हणाले.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही कचेरीतून आलात की चपला काढायच्या आधी विचारता, आज म्हटलंस का म्हणून. तुम्हाला बरं वाटतं, म्हणून म्हणते.”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“क्लासात का म्हटलंस मग?” हा प्रश्न विद्याधरपंतांचा.

“रोज म्हणून म्हणून तोंडात बसलं होतं.”

मार्तंड उभाच होता. आता खाली बस रे बाबा, असं मी मनात म्हणत होतो. त्याने आणखी एक प्रश्न विचारला. या वेळी ‘आपण’ वगैरे काही नव्हतं.

“आणि तुला? तुला नाही आवडत?”

शुभाने अण्णांकडे पाहिलं नाही, जज्जकडे पाहिलं नाही. “मला ती बेसूर वाटते, बाबा.”

त्यानंतर हॉल जो हसला, त्यात विमलावहिनीही होत्या. मी हसत होतो की नाही ते आठवत नाही, आणि आठवत नाही असं मी म्हणतो तेव्हा माझे मित्र काय ते समजतात.

ज्यूरीने उठून आत जाण्याचीही तसदी घेतली नाही. आरोपी दोषी. विद्याधरपंतांनी चष्मा पुसत शिक्षा सांगितली, “मुद्देमाल जप्त, आरोपीने पुन्हा न गाण्याचा जामीन द्यावा.” पण अण्णा मोठ्या मनाचे निघाले, किंवा जिंकलेल्या माणसाला तसं होणं परवडतं म्हणा. स्टेजवरूनच ते म्हणाले, “पोरीचा कान शाबूत आहे. रोग बापाला आहे. शुभा, गुरुवारी फॉर्म घेऊन ये.”

सगळे मार्तंडाच्या पाठीवर थाप मारून गेले. मिळालं ना तुला हवं होतं ते, हरलास म्हणून काय झालं, वगैरे. तो हो हो म्हणत सतरा कागदांना टाचणी लावत होता.

सोमवारी सकाळी कचेरीला जायच्या आधी तो आल्बम घेऊन माझ्या दारात. हार काढलेला, बाड पुसलेलं.

“हे काय?”

“जप्त झालाय. चिटणीस तुम्ही.”

“मार्तंडा, गंमत होती रे ती. विद्याधरपंतसुद्धा हसत होते. घेऊन जा घरी.”

“नाही, नाना.” तो दारातच उभा होता. “मला वाटत होतं तिला आवडतं. दोन महिने मी ऐकत बसायचो, आणि वाटायचं, चला, घरात एक तरी माणूस आहे ज्याला हे कळतं. ती मला बरं वाटावं म्हणून बेसूर बाईचं गाणं सुरात लावून म्हणत होती. घरात हे राहिलं तर परत म्हणेल. नको म्हटलं तरी म्हणेल. तशीच आहे ती.”

“मग बरंच आहे की. बापावर माया आहे.”

“आणि अण्णांनी ऐकलं तर?”

मी बाड हातात घेतलं, फार जड होतं ते.

“बेसूर आहे का हो ती खरंच?” जाता जाता त्याने विचारलं. “मला ऐकूच येत नाही. काल दत्तारामाने लावली तेव्हाही कान देऊन ऐकलं. मला ती बरोबरच वाटली.”

“आहे थोडी,” मी म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं, पण जन्मभर गरज नसताना इतकं बोललो की गरजेच्या वेळी तोंडात उरलं नव्हतं.

शुभा ती परीक्षा पास झाली. पुढच्याही झाल्या. नलिनीबालेने टायरच्या एका व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि पुन्हा तबकडी काढली नाही. श्रुतिधरांनी त्यावरही एक झकास वाक्य लिहिलं, ते मी इथे सांगत नाही.

पुढे कधीतरी मार्तंड संध्याकाळी कचेरीतून परतताना माझ्याकडे थांबायला लागला. पेपर वाचायला म्हणून यायचा. पहिल्या आठवड्यात पेपरच वाचला. मग एकदा मीच त्या जप्त बाडातली तबकडी काढून माझ्या ग्रामोफोनला चावी दिली. तो पेपर तोंडासमोर धरून बसला, पान काही उलटलं नाही. एक बाजू संपली, मी दुसरी लावली. बाईने श्वास घेतला, आणि मार्तंडाने पेपर खाली घेतला.

“नाना,” तो म्हणाला, “जरा खिडकी लावून घेता का? शुभाची क्लासवरून यायची वेळ झाली.”

मी उठून खिडकी लावली. आतमध्ये फार उकडत होतं.